नऊ नंबरची बस आणि पांढरा पट्टा

क्रास्ना रस्ता, टेक्सस
५ ऑगस्ट २०२४

कॅल्डर प्रेअरी शिक्षण मंडळाच्या बातम्या लिहिणारे डी. प्रेस्टनसाहेब यांना ओटिली यानाकचा नमस्कार.

साहेब, तुमचं पत्रक मी दर आठवड्याला वाचते. माझ्याकडे संगणक नाही, पण चाऱ्याच्या दुकानातला लिओ ते छापून फळ्यावर लावतो, कोंबड्यांच्या खाद्याच्या जाहिरातीशेजारी. मंडळात रोज अकरा नवी मुलं दाखल होतात असं तुम्ही लिहिता. आमच्या काळी वर्षाला अकरा आली तर बाकं कुठून आणायची म्हणून धावपळ व्हायची. मैदानावर घराएवढा गुणफलक बसवला, हेही वाचलं. तो उजाडायच्या आधीच पेटतो. माझा कोंबडा त्याला सूर्य समजून आरवतो, पण ती तक्रार नंतर कधीतरी.

आज लिहिते ते बसच्या थांब्याबद्दल. मी एकतीस वर्षं तुमच्या मंडळाची नऊ नंबरची बस चालवली. माझी पणती जोसी आता तिसरीत जाईल. ती आणि आमच्या रस्त्यावरची आणखी सहा मुलं आजवर माझ्या फाटकाशी बसमध्ये चढत. यंदा सगळ्या बसचे रस्ते संगणकाने आखले, असं तुम्ही आनंदाने कळवलंत. त्या संगणकाने आमचा थांबा उचलून लार्क मेडोज या नव्या वसाहतीच्या पाटीखाली नेला.

नकाशावर ते अंतर एवढंसं दिसतं. पण मधे ओढा आहे, आणि ओढ्यावर फरशी पूल आहे. वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी फरशीवरून वाहतं. फरशीच्या कडेला देवदाराचा एक खांब आहे. त्यावर माझ्या नवऱ्याने, आल्विनने, १९८४ साली पांढरा पट्टा रंगवला. पाणी पट्ट्याला टेकलं की बस फरशीवर घालायची नाही, शेजारच्या हायेकांच्या वाटेने फिरवून आणायची. अकरा मिनिटं जास्त लागतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण एकतीस वर्षांत माझी बस कधी पाण्यात अडकली नाही.

आता बस पलीकडे थांबणार आणि मुलांनी फरशी पायी ओलांडायची. शाळा सुरू व्हायच्या आत थांबा परत माझ्या फाटकाशी आणा, एवढंच मागणं आहे.

सोबत बारा कोलाची, म्हणजे आमचे सारण भरलेले गोड पाव, पाठवते. सहा खसखशीच्या, सहा जर्दाळूच्या. आज पहाटेच भट्टीतून काढल्या.

ओटिली यानाक

•

कॅल्डर प्रेअरी शिक्षण मंडळ
संवाद व समाजसंपर्क विभाग
१६ ऑगस्ट २०२४

माननीय ओटिली यानाक,

आपले पत्र प्राप्त झाले. आपल्यासारख्या जाणत्या नागरिकांचा सहभाग हीच मंडळाची खरी संपत्ती आहे.

आपण उल्लेखिलेला थांबा विद्यार्थ्यांच्या घरांपासून चालत जाण्याच्या ठरवून दिलेल्या अंतरात येतो. मार्ग आखणारी प्रणाली अत्याधुनिक असून तिने सदर वाट 'सुरक्षित पायवाट' या वर्गात ठेवली आहे. सबब बदलाची आवश्यकता आढळत नाही.

कळविण्यास आनंद होतो की, आपल्या भागातील नव्या शाळेच्या शुभचिन्हासाठी झालेल्या मतदानात 'लोंढा' हे नाव विजयी झाले आहे. हसऱ्या निळ्या लाटेचे चित्र लवकरच सर्व बसवर झळकेल.

मंडळाच्या धोरणानुसार कर्मचाऱ्यांना भेटवस्तू स्वीकारता येत नाहीत. आपल्या कोलाची स्वतंत्र टपालाने परत करण्यात येत आहेत.

उज्ज्वल भविष्याकडे, एकत्र.

डी. प्रेस्टन

•

क्रास्ना रस्ता
२० ऑगस्ट

प्रेस्टनसाहेब यांस,

कोलाची पोचल्या. चार दिवस टपालात फिरून आलेली जर्दाळूची कोलाची तुम्ही कधी पाहिली नसेल. मी एक कुंपणावर ठेवली. कावळ्याने ती उचलली, विचार केला आणि परत ठेवली.

पण मी मोजल्या. अकरा आहेत. खसखशीची एक कमी आहे. धोरणाने खाल्ली म्हणावं का?

असो. शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी आमच्या सात जणांची रांग फरशीवरून कोरड्या पायांनी गेली. माझी नातसून म्हणाली, "आजी, उगीच जिवाला घोर लावून घेता. ऊन तर किती पडलंय." मी म्हटलं, "अगं, ओढा काही उन्हात वाहून नेत नाही."

साहेब, तुम्ही नवे असाल म्हणून सांगते. पूर्वी पाऊस पडला की पाणी चढायला दोन तास घ्यायचं. बायका वाळत घातलेले कपडे काढून, गुरं हाकून मग ओढ्याकडे बघायला जायच्या. आता वरच्या अंगाला तुमची ती रोजची अकरा मुलं राहतात ना, त्यांच्या घरांची छपरं, त्यांचे काँक्रीटचे रस्ते, सगळ्यांचं पाणी एकदमच ओढ्यात येतं. गेल्या मे महिन्यात मी घड्याळ लावून पाहिलं. वीस मिनिटांत पट्टा बुडाला.

'सुरक्षित पायवाट' कोणी ठरवली? त्या माणसाचे बूट मला बघायचे आहेत. एकदा सकाळी पावणेसातला या आणि माझ्याबरोबर फरशीवर उभे राहा. कॉफी मी आणते. कॉफी भेटवस्तूत धरतात का तेही कळवा.

आणि तो लोंढा बसवर रंगवू नका. निदान नऊ नंबरवर तरी नको. थट्टा वाटते.

ओटिली यानाक

•

संवाद व समाजसंपर्क विभाग
३ सप्टेंबर २०२४

माननीय ओटिली यानाक,

आपल्या दुसऱ्या पत्राबद्दल आभार. आपली तळमळ आमच्यापर्यंत पोचली आहे.

पालक व नागरिक यांच्यासाठी मंडळाने १६ सप्टेंबर रोजी 'आम्ही ऐकतो आहोत' ही सभा आयोजित केली आहे. प्रत्येक वक्त्यास दोन मिनिटे मिळतील. सभेनंतर अभिप्रायाचा अर्ज भरावा. त्यात 'उत्तम', 'अत्युत्तम' आणि 'शब्दांपलीकडचा' यांपैकी एक पर्याय निवडता येईल.

प्रत्यक्ष पाहणीची विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. संबंधित विभाग सध्या स्थलांतराच्या प्रक्रियेत आहे.

उज्ज्वल भविष्याकडे, एकत्र.

डी. प्रेस्टन

(खाली शाईने, बारीक अक्षरात) खसखशीची मी खाल्ली. माफ करा.

•

क्रास्ना रस्ता
१८ सप्टेंबर

प्रेस्टनसाहेब,

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी तीनदा वाचली. एवढ्या पत्रव्यवहारात माणसाने लिहिलेलं तेवढंच वाटलं. माफी कसली, खाण्यासाठीच पाठवल्या होत्या.

तुमच्या सभेला गेले. नऊ मंडळी व्यासपीठावर बसून ऐकत होती. त्यांतली चार फोनमध्ये ऐकत होती. मी बरोबर पट्ट्याएवढी काठी नेली होती, कुठवर पाणी येतं ते दाखवायला. दारावरच्या शिपायाने ती काढून घेतली. मग मी हाताने दाखवलं. वाकून गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "एवढं आलं की तिसरीतली पोर वाहून जाते." तेवढ्यात लाल दिवा लागला. मंडळाचे सुपरिंटेंडंटसाहेब म्हणाले, "आपल्या उत्साहाबद्दल टाळ्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शहात्तर वर्षांत मला कोणी इतकं गोड हाकललं नव्हतं.

अर्ज भरला. 'शब्दांपलीकडचा' यावर खूण केली. खोटं बोलायची मला सवय नाही.

परतताना एक जुनी गोष्ट आठवली. माझ्या बसमध्ये एक मुलगी होती, एमिल वृबाची डार्ला. आठ वर्षांची असेल. रोज पहिल्या बाकावर उभी राहून वहीतून बातम्या वाचायची. 'आज हायेकांची गाय सुटली. आज टिलीमावशींनी आरशात बघून टॉमीला दटावलं.' एकदा तिने वाचलं की श्नायडरांच्या तळ्यात मगर निघाली. अख्खी बस रडायला लागली. मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, "डार्ला, तू पाहिलीस का मगर?" म्हणाली, "नाही, पण असेल." मी म्हटलं, "मग खाली बस. माझ्या बसमध्ये डोळ्यांनी पाहिलं तेवढंच वाचायचं." त्यानंतर तिने मगर कधी आणली नाही.

ती आता कुठे आहे देव जाणे. एमिलने शेत विकलं आणि त्यावर तुमचं लार्क मेडोज उभं राहिलं. सापडली तर तिला तुमच्या खात्यात घ्या, प्रेस्टनसाहेब. तुम्हाला एका अशा माणसाची गरज आहे.

ओटिली यानाक

•

संवाद व समाजसंपर्क विभाग
३० ऑक्टोबर २०२४
विषय: वाहन-रांगेतील नियमभंग

माननीय ओटिली यानाक,

दि. २१, २२ व २३ ऑक्टोबर रोजी आपण आपल्या मालवाहू गाडीतून, दोन खेपांत, एकूण सात विद्यार्थ्यांना शाळेच्या वाहन-रांगेत उतरवल्याचे निदर्शनास आले आहे. गाडीच्या आरशाला विद्यार्थी-क्रमांकाची चिठ्ठी टांगलेली नव्हती. रांगेत उलट दिशेने प्रवेश करण्यात आला. हटकले असता आपण कर्मचाऱ्यास "बाजूला हो बाळा, पोरांना उशीर झालाय" असे म्हटल्याची नोंद आहे.

तसेच सदर विद्यार्थी नऊ वाजल्यानंतर पोचल्याने तिन्ही दिवस गैरहजर धरण्यात आले आहेत. पालकांना नियमित शिक्षणाचे महत्त्व पटवणारे पत्र स्वयंचलितरीत्या गेले आहे.

पुन्हा असे घडल्यास आपल्याला शाळेच्या आवारात प्रवेश मिळणार नाही.

कळविण्यास आनंद होतो की, त्या आठवड्यात मंडळाच्या सर्व बस शंभर टक्के वेळेवर धावल्या.

उज्ज्वल भविष्याकडे, एकत्र.

डी. प्रेस्टन

•

क्रास्ना रस्ता
२ नोव्हेंबर

प्रेस्टन,

साहेब लिहायला आज हात वळत नाही.

काय झालं ते ऐका. एकवीस तारखेला, सोमवारी पहाटे वरच्या अंगाला पाऊस झाला, आमच्याकडे थेंब नाही. म्हणून कोणाला काही वाटलं नाही आणि मुलं नेहमीसारखी निघाली. मी कोंबड्यांना दाणे टाकत होते, तेवढ्यात ओढ्याचा आवाज बदललेला ऐकू आला. हातातली बादली टाकून पळाले. या वयात मी पळते म्हणजे काय ते समजा.

फरशीवर पाणी पट्ट्याच्या खाली चार बोटं होतं. पलीकडे बस उभी. बसवर तुमचा तो निळा लोंढा, दात काढून हसतोय. चालवणारी पोरगी नवी आहे. तिच्यापुढच्या पडद्यावर सहा बावन्नला यायचं आणि सहा त्रेपन्नला निघायचं एवढंच येतं. ती बिचारी खिडकीतून दोन्ही हातांनी 'मागे जा, मागे जा' करत होती. पण भोंगा वाजला होता ना. भोंगा म्हणजे बस सुटणार, एवढंच जोसीला कळतं. तिला पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्र हवं होतं. तिने पाय घातला.

मी तिच्या दप्तराचा पट्टा धरला. तो तुटला नाही, ही देवाची कृपा. एक बूट गेला. आत्ता होता, आत्ता नाही. ती रडली नाही. म्हणाली, "पणजी, बस गेली." मला रडू आलं ते मग घरी आल्यावर.

त्या दिवसापासून तीन दिवस मी सगळ्यांना हायेकांच्या वाटेने नेलं. चिखलात गाडी दोनदा रुतली, म्हणून नऊ वाजले. कबूल. चिठ्ठी टांगली नव्हती, तेही कबूल. ज्याला हटकलं म्हणता तो मिकी श्नायडर. मी त्याला बालवाडीत बसमधून उतरवलंय, पँट ओली झाली की माझा स्वेटर गुंडाळून. त्याला 'बाळा' म्हटल्याची नोंद झाली, स्वेटरची झालेली दिसत नाही.

आता तुम्हाला एकच विचारते. शंभर टक्के बस वेळेवर धावल्या. धावल्या असतील. नऊ नंबरच्या बसमध्ये त्या दिवशी आमच्या रस्त्यावरचं कोण बसलं होतं? तुम्ही पाहिलंत का?

जोसीला हजेरीच्या महत्त्वाचं पत्र आलं. तिने ते उशाखाली ठेवलंय, तिला वाटतं तिचंच काहीतरी चुकलं.

ओटिली

•

गुरुवार, ७ नोव्हेंबर

टिलीमावशी,

मी प्रेस्टनसाहेब नाही. प्रेस्टन हे माझं लग्नानंतरचं नाव. मी एमिल वृबाची डार्ला.

तुमचं पहिलं पत्र उघडलं तेव्हाच हे लिहायला हवं होतं. खोक्यावरचं अक्षर ओळखलं होतं. माझ्या वहीवर तुम्ही बसच्या स्टिअरिंगवर टेकून नाव घालून दिलं होतं, तेच अक्षर. एक कोलाची तिथल्या तिथे, खुर्चीत पाठमोरी बसून खाल्ली आणि मग उरलेल्या अकरा धोरणानुसार बांधल्या.

याहून वाईट सांगते. थांब्यांचा नकाशा जुलैत माझ्या टेबलावरून गेला. लार्क मेडोजच्या पाटीचा ठिपका जिथे होता तिथे आमच्या कापसाच्या शेताचं फाटक होतं. त्या फाटकातून मी ओढा पाहत मोठी झाले. पाणी कुठवर येतं हे मला संगणकापेक्षा जास्त माहीत होतं. मी ठिपका पाहिला आणि खाली लिहिलं, 'कळविण्यास आनंद होतो.' असं का केलं ते विचारू नका. या इमारतीत बारा वर्षं काढली की बोट आपोआप त्याच शब्दांवर जातं. एक पत्र बाहेर जायला सात जणांच्या सह्या लागतात, आणि सातही जण त्यातले खरे शब्द काढून टाकतात. पुढे पुढे आपणच आधी काढून ठेवतो, त्यांना त्रास नको म्हणून.

आज सकाळी गेले. काल संध्याकाळपासून वर पाऊस होता. सहा चाळीसला लार्क मेडोजच्या पाटीखाली उभी राहिले. तुम्ही पलीकडे होतात, मुलांना कुंपणाशी ओळीने उभं करून. तुम्ही मला ओळखलं नाही. हातात छत्री घेतलेली कुठलीशी ऑफिसातली बाई, असंच वाटलं असेल. बरोबरच होतं ते.

उद्याचं पत्रक संध्याकाळी सहाला एकतीस हजार घरांत आपोआप जाईल. मंजूर झालेल्या मजकुरात गुणफलकाच्या नव्या रंगांची बातमी पहिली आहे. मी ती काढली. सात जणांना विचारलेलं नाही. लिओला फळ्यावर जागा करायला सांगा.

डार्ला

•

क्रास्ना रस्ता
२२ नोव्हेंबर

डार्ला बाळा,

लिओने कोंबड्यांच्या खाद्याची जाहिरात काढून तुझं पत्रक मधोमध लावलं. नंतर लोक वाचायला येतात म्हणून त्याने शेजारी खुर्चीही ठेवली. मला पाठ झालंय, तरी परत उतरवून काढते, हाताला बरं वाटतं:

'आजच्या बातम्या. गुरुवारी सकाळी नऊ नंबरची बस सहा बावन्नला लार्क मेडोजच्या थांब्यावर आली. वेळेवर आली. सात मुलं ओढ्याच्या पलीकडे उभी होती. पाणी पांढऱ्या पट्ट्याच्या वर वीतभर होतं. बस सहा त्रेपन्नला त्यांना न घेता निघाली. ऑक्टोबरात याच ठिकाणी तिसरीतल्या मुलीचा बूट वाहून गेला. ती मुलगी गैरहजर नव्हती. ती ओढ्याच्या काठावर हजर होती. पाणी आणि बस मी डोळ्यांनी पाहिली. बुटाचं मला अशा बाईने सांगितलं, जिने एकतीस वर्षांत बसमध्ये एकही खोटी बातमी वाचू दिली नाही.'

सोमवारी थांबा माझ्या फाटकाशी आला. मंगळवारी सुपरिंटेंडंटसाहेब स्वतः फरशीवर आले, फोटोवाला घेऊन. खांबाला हात लावून उभे राहिले आणि 'नागरिकांच्या सूचनांचा आदर' असं काहीतरी बोलले. मी म्हटलं, "साहेब, तो पट्टा ओला आहे, मी आज नव्याने रंगवलाय." पण तोवर कोटाला लागला होता. आधी सांगायला हवं होतं, पण त्यांची दोन मिनिटं चालू होती.

आणि कळलं की तू 'कौटुंबिक कारणास्तव' नोकरी सोडलीस. एमिलला फोन करून विचारलं, घरी कोण आजारी आहे. म्हणाला, "कोणी नाही. सुपरिंटेंडंटचा चेहरा सोडून."

तर आता ऐक, आणि लगेच नाही म्हणू नकोस. मंडळाला चाळीस बसचालक हवेत. प्रत्येक चौकात पाटी आहे, परवाना आणि पाठ चांगली असेल त्याला घेतात, बाकी काही विचारत नाहीत. संवादवाल्यांनी कोणाला काढलं ते बसवाल्यांना माहीत नसतं, एवढी त्या इमारतीची वाढ झाली आहे. नव्या पोरीने धास्ती घेऊन काम सोडलं, तेव्हा नऊ नंबर रिकामी आहे. परीक्षेची तयारी मी करून घेते. पहिले काही दिवस मागच्या बाकावर बसेन, तोंड बंद ठेवून. बंद ठेवायचा प्रयत्न करीन.

खोक्यात बारा आहेत, सगळ्या खसखशीच्या. आता तुला धोरण नाही. मोजून परत पाठवू नकोस.

जोसी विचारते, तू पत्रकात तिचं नाव का नाही घातलंस. मी म्हटलं, नाव घातलं असतं तर सगळ्यांनी बुटाचं विचारलं असतं. ते तिला पटलं. उशाखालचं पत्र तिने स्वतः चुलीत घातलं.

टिलीमावशी

•

नऊ नंबरची बस
शुक्रवार, २८ मार्च २०२५

टिलीमावशी,

तुम्ही बहिणीकडे गेलात म्हणून हे टपालाने. आजच्या बातम्या.

पहाटे वर पाऊस झाला. पाणी पट्ट्याला टेकलं होतं. मी गाडी थांबवून, उतरून पाहिलं. पडद्याने 'पुढे चला' असं तीनदा सांगितलं. त्याच्यावर माझा स्वेटर टाकला.

हायेकांच्या वाटेने फिरून आले. त्यांची गाय पुन्हा सुटली आहे. जोसीने पहिल्या बाकावर उभं राहून ती बातमी वाचली, आणि गाय तिने खिडकीतून पाहिली होती.

अकरा मिनिटं उशीर झाला. सात मुलं बसमध्ये होती.

डार्ला